चौघांचं माप

सांगलीत, विश्रामबागेतल्या मेसमध्ये
मी रोज एकशे ऐंशी ताटं वाढतो.
तांदूळ मला पोत्यानं कळतो,
मीठ ओंजळीनं,
तेल डबा कलवल्यावर येणाऱ्या आवाजानं.
चौघांचं माप विचाराल
तर हात हवेतच राहतो.

म्हणून आदल्या रात्री
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला बसलो.
बामणोली. दोन रात्री. तंबू भाड्याचा.
शेगडी एक, तळहाताएवढी.
पातेलं एक.
तवा एक, दांडा ढिला.
झाकण नाही, झाकणाला ताट.
"तांदूळ किती?"
महानंदा पोरांची स्वेटरं भरत होती.
"माणशी एक मूठ," म्हणाली,
"आणि एक पातेल्याची."
पातेल्याची कशाला, ते सांगितलं नाही.

पहिल्या रात्री काही शिजवायचं नाही, असं ठरवलं:
कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा बुक्कीनं.
सकाळी सुशीला.
चुरमुरे पाण्यातनं काढले, पिळले, फोडणीत टाकले,
तेवढ्याला तवा पुरतो.
दुसऱ्या रात्री भात आणि पिठलं.
इथं पेन थांबलं.
पातेलं एकच.
भात आधी केला तर ठेवू कशात,
पिठलं आधी केलं तर राखू कसं गरम?
दोन्ही खोडलं. लिहिलं: खिचडी.
वीस वर्षांत इतका छोटा मेनू मी केला नव्हता
आणि इतका वेळही लागला नव्हता.

कासवरून गाडी खाली उतरली
तेव्हा शिवसागर जस्ताच्या पत्र्यासारखा पडला होता.
जानेवारीचं वारं. तंबूची कापडं फडफडत होती.
भाकऱ्या कडाकडा मोडत रेवण म्हणाला,
"बाबा, पापडच आहे की हा!"
आणि तीन खाल्ल्या.

दुसऱ्या संध्याकाळी
वाऱ्याच्या बाजूला पिशव्यांची भिंत केली,
पाच मुठी तांदूळ, दोन मुठी डाळ,
हळद, तिखट, लसणाच्या चार पाकळ्या.
पाण्याला उकळी आली
आणि मी हात मागे केला
मिठासाठी.

पुन्हा पिशवी उपसली.
टॉर्च, दोरी, बेदाण्याची पुडी, औषधं,
पेनसुद्धा दोन.
मीठ नाही.

मेसमधली पोरं रोज ओरडतात, काका, आमटी अळणी.
मी म्हणतो, गप गिळा.
आता माझ्यासमोर
माझीच तीन माणसं
ताटं मांडीवर घेऊन बसलेली.
नावाड्याची झोपडी काठावरनं पार पलीकडं
आणि अंधार पडत आलेला.

शिवलीला दहा वर्षांची.
तिनं टॉर्च लावून डबे उघडले, एकेक.
"लोणच्यात मीठ असतंय.
पापडात असतंय.
चटणीत असतंय.
भडंगात तर लईच."
शाळेत हजेरी घ्यावी तसं बोट ठेवत गेली.
महानंदा तोंडावर पदर धरून हसत होती,
पण काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

लोणच्याचा खार दोन चमचे खिचडीत ओतला.
पापड शेगडीवर धरून भाजले, पकड नव्हती,
बोटं पोळली, आलटून पालटून.
वरनं भडंग.
खिचडी आंबट, तिखट,
कुठं खारट, कुठं नुसतीच कोमट.
मेसमध्ये वाढली असती
तर ताटं आपटून पोरांनी तक्रारवही मागितली असती.

मेसमध्ये मी तीन वाजता जेवतो,
उभ्यानं, ओट्याला टेकून,
मोठ्या डेगीच्या तळाशी जे राहील ते.
इथं रेवण म्हणाला, "बसा की,"
आणि चटईवरनं सरकला.
मी बसलो.
पहिलं ताट माझ्याच हातात आलं.
कुणाला वाढायचं होतं ते कळेना,
मग खाल्लं.

पातेल्याच्या बुडाला एक मूठ लागली होती,
करपट, खरपूस.
चौघांनी चमच्यानं खरवडली,
आवाज पाण्यावरनं लांब गेला.

सकाळी त्याच पातेल्यात चहा.
कितीही घासलं तरी लोणच्याचा वास गेला नव्हता.
बिलबुकात मी एक ओळ वाढवली:
मीठ.
आणि खाली, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर,
पाच मुठी.